बोटी निघाल्या, असं मी सांगितलं

"पाचवी पायरीबी गेली बगा मॅडम," फोनवर वच्छला खोत सांगत होती. "आता वर सहाच राहिल्यात."

मी समोरच्या वहीत नोंद केली. खोपडेवाडी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं, जिन्याच्या पाच पायऱ्या पाण्याखाली.

"माणसं किती आहात सगळी?"

"एकतीस. दोनदा मोजली. आठ पोरं हायत, सहा म्हातारी. बाकी आमी."

"घाबरू नका. पत्र पाठवतोय आत्ताच. बोटी येतील."

"या म्हणावं लवकर," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. बॅटरी जपून वापरायची हे तिला सांगावं लागलं नव्हतं.

निंबगावच्या तहसील कचेरीतला पूरनियंत्रण कक्ष म्हणजे एक लांबट खोली होती. दोन टेलिफोन, एक फॅक्स मशीन, भिंतीला टेकवलेला काळा फळा आणि तालुक्याचा विटलेला नकाशा. पावसाचा तिसरा दिवस होता आणि वरच्या धरणातून पहाटे पुन्हा पाणी सोडलं होतं. मी महसूल खात्याची नव्हे. तिथल्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत असे. आदल्या दिवशी तहसीलदारांची जीप दारात आली आणि शिपायानं निरोप दिला, "कोष्टी मॅडमना बोलावलंय. इंग्रजी लिहिणारं माणूस पायजे."

त्याचं कारण असं. आमच्या भागासाठी परराज्यातून एक बचाव पथक आलं होतं. बत्तीस किलोमीटरवर एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या आवारात त्यांचा तळ होता. बोटी सहा, आणि मागणारे तालुके चार. पथकाचे प्रमुख कुरियन नावाचे गृहस्थ होते, त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. वरून सूचना होती, की जी मागणी असेल ती लेखी, इंग्रजीत, तहसीलदारांच्या सहीनं, थेट त्यांच्याकडे फॅक्सनं पाठवावी.

मला त्या बोलावण्याचा अभिमान वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. सोळा वर्षं मी त्या गावात इंग्रजी शिकवत होते. बँकेतली माणसं अर्ज दाखवायला माझ्याकडे येत, वकीलसुद्धा एखादी नोटीस वाचून घेत. आता तालुका संकटात असताना माझं इंग्रजी कामाला येत होतं.

खोपडेवाडी नदीच्या वळणात वसलेली. तिन्ही बाजूंनी पात्र आणि चौथ्या बाजूला रस्ता. तो रस्ता पहाटेच बुडाला होता. बरीचशी माणसं आदल्या संध्याकाळी बाहेर पडली होती. जनावरांपायी आणि म्हाताऱ्यांपायी जी मागं राहिली, ती ग्रामपंचायतीच्या स्लॅबवर चढून बसली होती. त्यांच्यात चालू मोबाइल एकच होता, आणि तो वच्छलाकडे. ती तिथली अंगणवाडी सेविका. तिची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात होती. पालकसभेला वच्छला न चुकता यायची, मागच्या बाकावर बसायची आणि सगळे गेले की पुढं येऊन हळूच विचारायची, "इंग्रजीत कशी हाय आमची?"

तहसीलदार गुरवसाहेब तीन दिवस झोपले नव्हते. पायात गमबूट तसेच, ते दारातूनच म्हणाले, "मॅडम, दोन बोटी खोपडेवाडीला पाठवा असं लिहा. मी सही करतो आणि निघतो. नांदरेत ट्रॅक्टर अडकलाय, चाळीस माणसं आहेत त्यावर."

मी कागद ओढला. कृपया दोन बोटी खोपडेवाडीला ताबडतोब पाठवाव्यात, एवढं एकच वाक्य मी इंग्रजीत लिहिलं. लिहून वाचलं आणि मला ते कसंसंच वाटलं. सातवीतलं पोरगं लिहील असं. 'सेंड' हा काय शब्द झाला? एका तालुक्याचं पत्र, त्यावर दंडाधिकाऱ्याची सही, आणि वाचणारा एवढ्या मोठ्या पथकाचा प्रमुख. त्या आठवड्यात इंग्रजी वर्तमानपत्रांत एक शब्द रोज येत होता, मदतकार्याच्या प्रत्येक बातमीत. मी 'सेंड' खोडलं आणि नवीन कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, या तालुक्यासाठी दोन बोटींचं तातडीनं 'मोबिलायझेशन' व्हावं अशी विनंती आहे. खाली पूरग्रस्त गावांची यादी जोडायची पद्धत होती, ती जोडली. सात गावं. खोपडेवाडी चौथी.

गुरवसाहेबांनी उभ्याउभ्या वाचलं. "छान लिहिलंत," म्हणाले, सही ठोकली आणि गेले. साडेदहाला फॅक्स गेला.

कक्षात मी आणि दस्तगीर मुलाणी असे दोघंच उरलो. दस्तगीर कचेरीतला जुना शिपाई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. फोन, फॅक्स आणि फळा तो सांभाळत होता. फळ्यावर गावाचं नाव, पाणी किती, माणसं किती आणि मदतीची काय परिस्थिती, असे रकाने त्यानं स्वतःच आखले होते.

पावणेबाराला मशीन खरखरलं आणि कागद बाहेर आला. मी तो जवळजवळ ओढूनच घेतला. 'मोबिलायझेशन कम्प्लीट, ११४० अवर्स. टू बोट्स, एट क्रू. कुरियन.'

"काय म्हणतात?" दस्तगीरनं विचारलं.

"निघाल्या."

"अल्ला," तो म्हणाला आणि खडू घेऊन त्यानं खोपडेवाडीपुढं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बोटी निघाल्या ११.४०'.

दहा मिनिटांत वच्छलाचा फोन आला. तिच्या आवाजामागं पाण्याचा आवाज होता आणि कोणीतरी जोरजोरात बोलत होतं.

"मॅडम, एक इच्यारायचं हुतं. हितं मल्लू हाय, शेवंताकाकीचा. गुऱ्हाळातली काहील त्यानं वडत आणलीया. पंचायतीमागच्या लिंबाला बांधलीया. त्यो म्हणतोय चार-चार माणसं घालून बिरोबाच्या माळावर सोडतो. पानी अजून संथ हाय म्हणतोय."

गूळ करायची ती मोठी पसरट कढई. पुरात आमच्याकडे तिची नाव करतात, हे मी ऐकून होते. पाहिलेलं नव्हतं.

"किती लांब आहे माळ?"

"दिसतोय की हितनं. दोन-अडीचशे पावलं आसंल. पर पोरं भ्यायल्यात. काहील गिरक्या घेती. म्हातारी तर बसायलाच तयार न्हाईत. मी मल्लूला म्हटलं, थांब, मॅडमना इच्यारते."

मला विचारत होती ती. मी तो फॅक्स डोळ्यांसमोर धरला होता.

"वच्छला, ऐक. बोटी निघाल्यात. अकरा चाळीसला. मोटारबोटी आहेत, आठ तरबेज माणसं आहेत बरोबर. फार तर तासाभरात पोचतील. काहिलीत लहान मुलं घालू नका. एखादी उलटली तर? त्याला सांग, थांबा म्हणून."

"नक्की निघाल्यात न्हवं?"

"माझ्या हातात कागद आहे."

तिनं फोन तसाच धरून हाक मारली. मला ते स्पष्ट ऐकू आलं. "मल्लू, ए मल्लू! सोड ती दोरी. बोटी निघाल्यात. मॅडम सांगत्यात." मग मला म्हणाली, "ऐकना झालाय, पर मी बसवते त्याला."

"आणि फोन बंद करून ठेव. किती बॅटरी आहे?"

"एक दांडी."

"मग बंदच ठेव. अर्ध्या-अर्ध्या तासानं लाव."

साडेबाराला तिचा फोन आला तेव्हा आठ पायऱ्या गेल्या होत्या. बोटी दिसत नाहीत, ती म्हणाली. मी म्हटलं, रस्ता जागोजाग तुटलाय, ट्रक वळसा घेऊन येत असतील. एकला पुन्हा फोन. नववी पायरी. मी तेच सांगितलं. मध्ये मी कारखान्याचा नंबर लावत होते, तो सारखा व्यस्तच येत होता. चार तालुके एकाच फोनवर होते. गुरवसाहेबांचा मोबाइल नांदरेत रेंजबाहेर.

दस्तगीर खिडकीशी उभा होता. मागं न बघताच त्यानं विचारलं, "मॅडम, त्या कागदात निघाल्या असंच लिवलंय न्हवं?"

"म्हणजे?"

"न्हाई, दीड तास झाला. बत्तीस किलोमीटर. वळसा घिऊनसुदिक..."

"दस्तगीर, इंग्रजी मला येतं."

मी कागद पुन्हा वाचला. त्यात निघाल्या असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. पण मोबिलायझेशन कम्प्लीट म्हणजे दुसरं काय असणार? मी आणखी एक फॅक्स लिहिला, 'बोटी कुठपर्यंत आल्या?' मशीन व्यस्त लाइनीचा आवाज काढत राहिलं आणि दर वेळी कागद परत बाहेर ढकलत राहिलं. दस्तगीर तो पुन्हा पुन्हा सरळ करून आत घालत होता.

दीडला वच्छला फार कमी बोलली. "धा गेल्या," एवढंच.

दोन वाजता तिचा फोन आला नाही.

दोन वाजून वीस मिनिटांनी आमच्या फोनची घंटा वाजली. मी उचलला आणि म्हटलं, "वच्छला?"

पलीकडून पुरुषाचा आवाज आला, इंग्रजीत. कुरियन बोलत होते. अतिशय सभ्य, थकलेला आवाज. "मॅडम, तासाभरापासून तुमचा नंबर लावतोय. तुमच्या दोन बोटी अकरा चाळीसपासून ट्रकवर चढवून तयार आहेत. माणसं जॅकेट घालून बसली आहेत. तुम्ही डिप्लॉयमेंट कधी कळवताय?"

मी त्यांच्या फॅक्सचा कागद पुढं ओढला.

"दुसरा तालुका मागतोय या बोटी," ते म्हणाले. "पण तुमची मागणी आधीची आहे, म्हणून मी त्या दिलेल्या नाहीत."

"तुम्ही... तुम्ही मोबिलायझेशन पूर्ण असं कळवलंत," मी कसंबसं म्हटलं.

"हो. तुम्ही तेच मागितलं होतं." मग त्यांच्या लक्षात आलं असावं. कारण नंतर ते फार सावकाश बोलले, वर्गात एखाद्या कच्च्या मुलाशी मी बोलते तसं. "मॅडम, मोबिलायझेशन म्हणजे माणसं आणि साधनं गोळा करून सज्ज ठेवणं. जागेवर धाडणं म्हणजे डिप्लॉयमेंट. त्यासाठी जागा सांगावी लागते. तुमच्या यादीत सात गावं आहेत. कुठं पाठवू?"

"खोपडेवाडी," मी ओरडले. "खोपडेवाडी! स्लॅबवर एकतीस माणसं आहेत."

"सहीचं पत्र लागेल."

"तहसीलदार इथं नाहीत. मी सही करते. माझ्यावर घ्या, मला तुरुंगात टाका."

"ठीक आहे," ते म्हणाले. "पत्र नंतर पाठवा. मी बोटी सोडतो." आणि त्यांनी फोन ठेवला नाही, तसाच हातात धरून माझ्या कानात हुकूम दिला. ट्रक सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. दोन वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

मग मी वच्छलाला फोन लावला. तो बंद होता. मीच बंद ठेवायला सांगितला होता. पुन्हा लावला. पुन्हा. बटणं दाबून बोट दुखायला लागलं. काहील काढा, मल्लूला सांगा, मुलांना आधी बसवा, एवढं मला तिला सांगायचं होतं आणि ते सांगण्याचा दुसरा कुठलाही मार्ग जगात नव्हता. दस्तगीर फळ्यासमोर उभा होता. त्यानं ओल्या फडक्यानं 'निघाल्या ११.४०' पुसलं होतं आणि तिथं काय लिहावं हे न कळून तो खडू हातात धरून थांबला होता.

दोन चाळीसला तिनं स्वतःच फोन लावला.

"वच्छला! काहील आहे ना? मल्लूला सांग, मुलांना ने म्हणावं, आत्ताच्या आत्ता."

"आता?" ती म्हणाली. "आता कशी मॅडम? पान्याला ओढ लै आलीया. काहील उभीच ऱ्हाईना. मल्लू आताच बगून आला. मगाशी जमलं आसतं." मग तिनं विचारलं, "बोटी कुठं आल्या?"

"आत्ता निघाल्या."

"आता?"

मी फळ्यावरच्या पुसलेल्या जागेकडे पाहिलं.

"मगाशी निघाल्या म्हणाला हुता न्हवं?"

त्यावर मी काय बोलले असते ते मला अजून ठाऊक नाही. बोलावं लागलं नाही. तिची बॅटरी संपली.

ग्रामपंचायतीची नदीकडची भिंत तीन वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला खचली आणि स्लॅबचा अर्धा भाग तिच्यासोबत गेला. बोटी तीन पस्तीसला पोचल्या. बावीस माणसं त्यांनी आणली. वच्छला त्यांत होती, तिची मुलगीही होती. नऊ माणसं गेली. मल्लूनं पाण्यात उडी टाकून दोन पोरं एकेक करून स्लॅबपाशी आणली होती. तिसऱ्या खेपेला तो परत आला नाही. चोवीस वर्षांचा होता.

पुढं चौकशी झाली. एक अधिकारी आले, त्यांनी सगळ्यांचे जबाब घेतले. मी त्यांच्यासमोर माझं पत्र ठेवलं, कुरियनांचं उत्तर ठेवलं आणि माझी चूक कुठं झाली ते शब्दावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. "मॅडम, तुम्ही तर मदतीला आलेल्या. तुम्हाला कोण जबाबदार धरणार? पाणीच एवढं होतं," ते म्हणाले. मी म्हटलं, तसं नाही, ते लिहून घ्या. त्यांनी मान हलवली. पुढं अहवालात आलं ते एवढंच: 'विविध यंत्रणांमध्ये समन्वयाचा अभाव दिसून आला.' पत्राचा उल्लेख नव्हता. माझं नाव आभाराच्या यादीत होतं.

मी शाळेत जात होते. वच्छलाची मुलगी पंधरा दिवसांनी वर्गात आली. एका मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "बाई, आईशी गावात कुणी बोलत नाही."

"का?"

"मल्लूदादाला तिनंच थांबवलं म्हणतात. काहील सोडू दिली नाही म्हणतात. शेवंताआजी तिला दारात उभं करत नाही."

त्या रविवारी मी खोपडेवाडीला गेले. ऑक्टोबरचं ऊन होतं, भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या वर गाळाची रेघ अजून होती. वच्छला अंगणवाडीतली भांडी उन्हात मांडत होती. मला बघून ती उठली, पदर सारखा केला. मी तिथंच, उभ्यानं, तिला सगळं सांगितलं. तिनं मला मध्ये अडवलं नाही.

"मग गावाचंबी बरोबरच हाय," शेवटी ती म्हणाली. "थांबवलं तर मीच."

"माझ्या सांगण्यावरून थांबवलंस. चल, मला शेवंताबाईंकडे ने."

"ती न्हाई बोलायची."

"मला बोलायचंय."

शेवंताबाईंचं घर गावाच्या वरच्या टोकाला होतं, पत्र्याचं, एक खोली. त्या उंबऱ्यात बसून वाळत घातलेली तूर बघत होत्या. पुरातून वाचलेली, काळी पडलेली तूर. वच्छला दाराबाहेर दहा पावलांवर थांबली. मी पुढं गेले, माझं नाव सांगितलं, आणि सुरुवात केली. मी पत्र लिहिलं होतं. त्यात एक शब्द चुकला. मला वाटलं त्याचा अर्थ बोटी निघाल्या असा आहे. त्याचा अर्थ तसा नव्हता.

बोलताना माझ्याच कानाला ते भयंकर वाटत होतं. तरण्याताठ्या पोराच्या आईपुढं मी शब्दाचा अर्थ सांगत बसले होते.

"मंग काय अर्थ हुता?" शेवंताबाईंनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी वर बघितलं.

"तयार आहेत, असा. बोटी तयार होत्या. माणसंही तयार होती. पण तिथंच. कारखान्यावर."

"तयार," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी तुरीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तयार तर माझा मल्लूबी हुता," त्या म्हणाल्या. "दोरी हातात घिऊन."

मी हात जोडले. काय म्हणून जोडले ते मला कळत नव्हतं. "वच्छलाची चूक नाही. मी सांगितलं म्हणून तिनं त्याला थांबवलं. माझ्या हातात कागद आहे, असं मी तिला सांगितलं होतं. तिनं विश्वास ठेवला."

एक कोंबडी तुरीत शिरली, तिला शेवंताबाईंनी हाकललं नाही. मग गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या. माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावरून त्यांनी पलीकडे पाहिलं.

"वच्छे," त्या म्हणाल्या. "उन्हात नगं थांबू. आत ये."

वच्छला माझ्या जवळून गेली. उंबऱ्यापाशी तिचा पाय अडखळला, शेवंताबाईंनी तिचं मनगट धरलं. दोघी आत गेल्या. आतून काही ऐकू आलं नाही, रडणंसुद्धा नाही. दार उघडंच होतं, पण मला कुणी बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही. थोडा वेळ मी अंगणात उभी राहिले. मग कोंबडीला तुरीतून हाकललं आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.